दुसऱ्याच्या भरवशावर

आज स्वयंपाकघरातला सिलिंडर बदलताना गॅसचा वास आला आणि उजवा तळहात पुन्हा चुरचुरला.

लातूरच्या डाळमिलमध्ये दत्ताभाऊ या जुन्या ड्रायव्हरनं मला पोती उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची गॅसटाकी बदलायला शिकवलं होतं. "व्हॉल्व स्वतःच्या हातानं बंद करायचा. पाइपातला गॅस संपून इंजिन आपसूक थांबलं, की मगच नट खोलायचा. दुसऱ्याच्या भरवशावर न्हाई."

एकदा घाईत त्यानंच किल्ली फिरवून इंजिन थांबवलं. "व्हॉल्व बंद केलोय, खोल."

मी खोललं. व्हॉल्व उघडाच होता; फुस्सकन पांढरा गॅस सुटला आणि त्या गारठ्यानं तळहाताची कातडी भाजली. मॅनेजर धावत आला.

दत्ताभाऊ म्हणाला, "लई सांगितलो याला, साहेब. ऐकतच न्हाई."

माझी नोकरी गेली. पण त्यानं शिकवलेलं मी विसरलो नव्हतो. दत्ताभाऊला मी दुसरा समजत नव्हतो, एवढंच.