टाचण्या पोचल्या, रॉकेल नाही

हिवाळ्याच्या तोंडावर माझं पोस्टिंग उत्तरेतल्या एका सप्लाय डेपोत झालं. मी नवीकोरी कॅप्टन. गडहिंग्लजहून नेलेला आवाज आणि अकॅडमीतून आणलेली अक्कल, दोन्ही गरजेपेक्षा मोठी.

काम एकच. खिंड बंद व्हायच्या आत वरच्या पोस्टवर रॉकेल पोचवायचं. रॉकेल नाही तर शेगडी नाही, आणि शेगडी नाही तर प्यायला पाणीसुद्धा नाही. बर्फ वितळवणार कशावर?

मी भिंतीवर नकाशा लावला. प्रत्येक ट्रकची एक लाल टाचणी. दर तासाला रेडिओवर रिपोर्ट घ्यायचा, टाचणी पुढं सरकवायची. कॉन्व्हॉय कमांडर सुभेदार पाटील, आपल्या शाहूवाडीचे.

"रिपोर्ट?"

"ऑल ओके, मॅडम."

टाचणी पुढं. संध्याकाळी सगळ्या टाचण्या पोस्टवर. मी वर कळवलं, कॉन्व्हॉय पोचला; आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला. चहाआधी पोस्टवरून मेजरसाहेब आले रेडिओवर.

"कॅप्टन, मी बाहेर उभा आहे. तुमचा कॉन्व्हॉय मला दिसत नाही."

पाटलांना धरलं. ट्रक सकाळपासून रस्त्यावर कोसळलेल्या दरडीमागं उभे होते.

"मग ऑल ओके कसं म्हणालात?"

"गाड्या ओके हायत, माणसं ओके हायत, माल ओके हाय. रस्त्याचं तुम्ही इचारलंच न्हाई की!"

परवा, इतक्या वर्षांनी, मुलानं मोबाईलवर नकाशा दाखवला. त्याचा गुळाचा कंटेनर आखाताकडं निघालाय. "आई, बघ, जहाज कुठवर गेलंय!" मी म्हटलं, "ठिपका गेलाय. गूळ ओला झाला काय, ते इचार."

असो. तर त्या रात्री आभाळ भरलेलं. पहाटे ट्रकमधले रॉकेलचे जेरीकॅन खेचरांवर लादले. या खेपेला नकाशा भिंतीवरच ठेवून मी सोबत निघाले. दरडीवर चमेली नावाचं खेचर अडलं. मी खणखणीत इंग्रजीत ऑर्डर दिली.

"मॅडम, ती रँक मानत न्हाई," पाटील म्हणाले.

तिनं माझी टोपी ओढून चावली, मग चालली. तिच्यामागं बाकीची. रॉकेल पोचलं.

उतरताना बर्फ सुरू झाला. वाट खचली आणि चमेली दरीत गेली. फारसा आवाजही झाला नाही.

"रिपोर्ट?" मेजरसाहेब.

"माणसं ओके, सर. एक खेचर कमी. नाव चमेली."

"नाव कशाला, कॅप्टन?"

"असू दे, सर."

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, घरी मातीचे बैल पुजतात. पाटावर एकाला शिंगं नसतात, कान मात्र लांब.

"आज्जी, कुंभारानं बैल चुकवलाय," नात म्हणाली.

"बैल नव्हं ती. पोळी आधी तिला दाव."