बॅटरी बघायला वाकावं लागतं, साहेब!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच हाय, म्हणून लिहितोय.

सकाळी काकतीजवळ आमची इलेक्ट्रिक गाडी खालून दगडावर आपटली. स्क्रीनवर बॅटरीचा लाल दिवा लागला. टो करून गाडी बेळगावात गॅरेजला आणली. दुपारी विम्याचे सर्व्हेअर आले, कडक इस्त्रीत.

त्यांनी बॉनेट उघडलं आणि आतल्या छोट्या बॅटरीवर थाप मारली. "ही काय, बॅटरी ठणठणीत हाय की! क्लेम कशाचा?"

"साहेब, ती दिव्या-हॉर्नची. गाडी पळवणारी बॅटरी तळाला असती. मार तिथंच लागलाय. जरा वाकून बघा."

"कशाला? वरनं सगळं ओके दिसतंय."

पँटची इस्त्री मोडंल म्हणून हा माणूस माझा क्लेम मोडणार!

मी म्हटलं, "आमच्या गावात म्हैस घेणारासुद्धा वाकून सड बघतोय."

"म्हैस वेगळी, गाडी वेगळी," असं म्हणून हसले आणि 'बॅटरीला नुकसान नाही' असा शेरा मारून गेले.

तुमचा सर्व्हेअर तरी कधी वाकला काय हो?

आणि साहेब, म्हैस वेगळीच. असल्या तपासणीला तिनं लाथ घातली असती. गाडीला पाय न्हाईत, हे तुमचं नशीब.