हाकेला ओ

ऑर्व्हल टीगचा एक सूर सगळ्या देशाला पाठ होता, आणि तो आपला आहे हे त्याने सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. नॅशव्हिलमध्ये दिवसाला तीन-तीन रेकॉर्डिंगं करणाऱ्या माणसाने कधी कुठे काय वाजवलं, हे विचारणार तरी कोण? मोठ्या गायकांच्या मागे स्टील गिटार घेऊन बसायचं, तारांवरून पोलादी कांडी सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, गुडघ्याने दांडी ढकलायची आणि पैसे घेऊन घरी जायचं, असा त्याचा सरळ संसार.

तो सूर होता ग्लास हार्बरच्या गाण्यातला. ग्लास हार्बर म्हणजे कॅलिफोर्नियाच्या केस वाढवलेल्या पोरांचा रॉक बँड. सहासष्ट साली ती पोरं एका दिवसासाठी इथे येऊन नदीचं एक गाणं करून गेली. त्या गाण्यात दुसरं कडवं संपलं की स्टीलचा एकच सूर लांब वर चढत जातो आणि शेवटाला पाय घसरल्यासारखा खाली येतो. मग दोन ओळींची नुसती शांतता. पेट्रोल पंपावर म्हणा, न्हाव्याकडे म्हणा, तो सूर आला की लोक बोलता बोलता थांबत. ऑर्व्हलची बायको नेडीन मात्र रेडिओवर वैतागायची.

"कोण बाई एवढी जीव तोडून हाका मारतेय, आणि ओ द्यायला एक मेला पुढे येत नाही!" असं म्हणून ती रेडिओ बंद करायची. ऑर्व्हल कॉफीच्या कपात बघत बसायचा.

त्र्याण्णव साली गंमत झाली. ज्या पोरांना पाहून या गावाने नाकं मुरडली होती, त्यांचीच गाणी आता गावातले नामवंत कंट्री गायक आपल्या ढंगात गाणार होते. ग्लास हार्बरला मानाचा मुजरा म्हणून अख्खी रेकॉर्ड! आमच्या गावाचं हे असंच आहे. हसायला एक पिढी, डोक्यावर घ्यायला दुसरी.

रेकॉर्ड करणाऱ्या टॅन्सी प्रुइटचा ऑर्व्हलला फोन आला. "मिस्टर ऑर्व्हल, तीन पोरांनी तो सूर वाजवून बघितला. कुणालाच जमत नाही. मूळ कुणी वाजवला होता, काही ठाऊक आहे का? रेकॉर्डच्या पाकिटावर नावच नाही."

"वारला असेल गं," ऑर्व्हल म्हणाला, आणि येतो म्हणाला.

अडुसष्ट वर्षांचा झाला होता. डाव्या हाताची दोन बोटं सकाळी उघडायला कुरकुर करत. ती कायमची मिटण्याआधी तो सूर आपल्या हातून एकदा, शेवटचा, ऐकायला मिळावा एवढीच त्याला आस होती.

सकाळी दहाला तो स्टीलपाशी बसला. शेजारी होइट, चाळीस वर्षं सोबत वाजवणारा जोडीदार, फिडल म्हणजे व्हायोलिन मांडीवर घेऊन. समोरच्या कागदावर आमच्याकडच्या पद्धतीने गाणं नुसत्या आकड्यांत लिहिलेलं होतं. दुसऱ्या कडव्याखाली टॅन्सीने आकड्यांऐवजी लिहिलं होतं, 'जसंच्या तसं'. ऑर्व्हलला हसू आलं. तेव्हाच्या कागदावर त्या जागी काहीच नव्हतं. स्टीलने तिथे गप्प बसायचं होतं.

रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा दारावरचा लाल दिवा लागला. सूर वर चढला, खाली आला. सुबक, स्वच्छ.

"छान आहे मिस्टर ऑर्व्हल," काचेमागून टॅन्सी म्हणाली, "पण तो नाही."

दुसऱ्यांदा नाही. पाचव्यांदाही नाही.

"लेका, तू हाक मारतोयस की चर्चमध्ये वर्गणी मागतोयस?" होइट म्हणाला.

ऑर्व्हलने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे घळीतली संध्याकाळ उतरली. पूर्वेकडच्या डोंगरातली, धुकं खाली बसत चाललेली. ओढ्यात गुडघाभर पाण्यात तो उभा आहे, पॅन्ट वर दुमडलेली, बोटांत निसटू पाहणारा खेकडा. वर घराच्या ओट्यावर आई एप्रनला हात पुसते आणि त्याचं नाव घेते. अर्धं नाव डोंगर चढून जातं, उरलेलं अर्धं घरंगळत ओढ्यापर्यंत येतं. "ओ, आलो!" असं त्याने ओरडल्याशिवाय ती आत जायची नाही. अंधार पडला तरी नाही.

सतराव्या वर्षी तो घर सोडून इथे आला. पासष्टच्या हिवाळ्यात एक दिवस स्टुडिओत त्याच्यासाठी फोन आला. लाल दिवा जळत होता, आणि तो जळत असताना या गावात मालकसुद्धा दार उघडत नाही. ऑफिसातल्या बाईने चिठ्ठी लिहून त्याच्या कोटाच्या खिशात घातली. तीन तासांनी गाडीची किल्ली शोधताना ती त्याच्या हाताला लागली. 'आई तुमचं नाव घेतेय.' डोंगरात पोचायला पाच तास लागले. तोवर तिचं नाव घेणं थांबलं होतं. शेजारीण म्हणाली, दुपारभर घेत होती. ऑर्व्हलला कुणी दोष दिला नाही, म्हणून त्याने तो स्वतःला दिला, आणि पुरेपूर दिला.

पुढच्याच वर्षी ही लांब केसांची पोरं आली. दिवसाचं तिसरं काम, संध्याकाळचे सात. स्टीलवर बसल्या बसल्या ऑर्व्हलचा डोळा लागला. झोपेत धुकं उतरलं, ओढा आला, ओट्यावरून हाक आली. पायाने पेडल दाबलं, हाताने कांडी ओढली, गुडघा सैलावला तसा सूर घरंगळला. तो दचकून जागा झाला. या धंद्यात दारू पिऊन आलेल्याला एक वेळ माफी आहे, झोपलेल्याला नाही. पण काचेमागे पोरं नाचत होती. "त्याला हात लावू नका! तसाच ठेवा!" ऑर्व्हल मूग गिळून बसला. जो सूर आपण वाजवलाच नाही, त्यावर नाव कसं सांगायचं?

आता त्याने डोळे उघडले आणि हात तारांवरून उचलले.

"टॅन्सी पोरी, तो सूर माझ्याच हातचा आहे. पण मी झोपलो होतो."

होइट खो खो हसला. "म्हणजे सत्तावीस वर्षं जग जिच्यावर जीव टाकतंय, ती तुझी डुलकी होती?"

मग ऑर्व्हलने पुढ्यातल्या मायक्रोफोनमध्ये सगळं सांगितलं. ओढा, ओटा, खिशातली चिठ्ठी. होइटचं हसू कधी विरलं ते कळलंच नाही.

"मग आपण काय करायचं, मिस्टर ऑर्व्हल?" टॅन्सीने हळूच विचारलं.

"हाक तिची होती. जागेपणी मला ती जमायची नाही, आणि जमू नये. पण हाकेनंतर दोन ओळींची जागा रिकामी आहे. ती मला दे."

होइटने फिडल हनुवटीखाली घेतलं. "हाक मी मारतो. तू बस सावरून."

लाल दिवा पुन्हा लागला. फिडलने हाक मारली. अगदी तशी नाही, पण शेजारणीने मारावी तशी. आणि त्या शांततेत खालून कुठूनतरी स्टील उठलं. आखूड, घाईघाईचे दोन सूर, दम लागलेले, चढण पळत येणाऱ्या पोरासारखे. पुन्हा तेच दोन सूर, आणखी जवळून. बोटांनी कुरकुर केली नाही.

टॅन्सीने पुन्हा वाजवायला सांगितलं नाही. तिने दिवा घालवला आणि बाहेर येऊन विचारलं, "पाकिटावर नाव काय घालू?"

"माझंच घाल," ऑर्व्हल म्हणाला. "या खेपेला मी जागा होतो."

घरी नेडीन मक्याची भाकरी ताकात कुस्करत होती. त्याने कॅसेट लावली. दुसऱ्या कडव्यापाशी तिने सवयीने बंद करायला हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

"दिली बाई एकदाची ओ!" ती म्हणाली. "एवढी वर्षं कुठे उलथला होता मेला?"

"कामावर होता," ऑर्व्हल म्हणाला. "दारावर लाल दिवा होता."

नेडीनने त्याच्याकडे पाहिलं. कोटाच्या खिशातल्या त्या चिठ्ठीची घडी तिनेच बायबलमध्ये जपून ठेवली होती. ती उठली, कॅसेट मागे फिरवली आणि पुन्हा लावली.