होडी लागेपर्यंत गाडी उभी

आमच्या गाडीचा एक नियम होता, तो कुठं लिहिलेला नव्हता. खाडीत होडी दिसली, की ती धक्क्याला लागून शेवटचं माणूस चढेपर्यंत गाडी हलवायची नाही. समुद्राकाठचा तो रस्ता मधेच खाडीनं तोडलेला होता. अलीकडं एक गाडी, पलीकडं एक गाडी, आणि दोघींच्या मधे होडी. पलीकडची गाडी धक्क्यावर आली, की तिचा ड्रायव्हर लांब हॉर्न द्यायचा आणि तो आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत यायचा. म्हणजे माणसं येताहेत, थांबा. काठावरच्या गावांनी मिळून सोसायटी काढलेली, गाड्या सोसायटीच्या, त्यामुळं नियमही गावांचाच.

मी अलीकडच्या गाडीवर कंडक्टर. मूळची वऱ्हाडातली, अंजनगाव सुर्जीच्या बाजूची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं लग्न होऊन अकोल्याला आले. नवरा जठारपेठेत कापडाच्या दुकानात होता. दुकानात त्याच्यासारखा गोड माणूस नाही. गिऱ्हाइकापुढं तागा असा हळुवार उलगडायचा, की बाया कापडाकडं कमी आणि त्याच्याकडं जास्त पाहायच्या. घरी त्यानं कापड मोजायची एक लोखंडी पट्टी आणून ठेवली होती. जुनी, दुकानातून काढून टाकलेली. भाजीत मीठ जास्त झालं की पट्टी. मी खिडकीत उभी दिसले की पट्टी. ती हवेतून येताना बारीक शिट्टीसारखा आवाज करायची. मार नंतर लागायचा, आवाज आधी यायचा. माझ्या डाव्या हाताचं मनगट अजून सरळ होत नाही. माहेरी सांगितलं तर आई रडायची आणि म्हणायची, "माय वं, माया हाती काय हाय? तुया बाप आयकत नाही."

एकदा त्यानं पाठ सोडून डोक्यावर मारलं. तेव्हा मी निघाले. मावसबहीण कोकणात आंब्याच्या कारखान्यात होती, तिच्याकडं. तिथं फोडी करता करता कळलं, की सोसायटीला गाडीवर बाई पाहिजे. मागच्या कंडक्टरांचं आणि कोळणींचं रोज वाजायचं. पाटी सीटखाली ठेवायची की टपावर, एवढ्यावरून. एकाच्या अंगावर त्यांनी मासळीचं पाणी ओतलं होतं. दुसऱ्यानं एकीची पाटी चालत्या गाडीतून फेकली, तर तिनं त्याचा कान चावला. खरंच चावला, टाके पडले. तिसरा कुणी मिळेना. मला हे सगळं सांगून विचारलं, येतेस का? मला हसू आलं. कान चावणाऱ्या बाया मला परवडणार होत्या.

त्या बायांची पुढारी मागच्या सीटवर बसायची. म्हातारी, आवाज फाटका. पहिल्याच दिवशी तिनं मला वरून खाली पाहिलं.

"खंयची गो तू?"

"अकोल्याची."

"थंय दर्या आसा?"

"नाही."

"मगे भिजतलंस तू," ती म्हणाली आणि पाटी सीटखाली सरकवली. मी तिला तिकीट फाडून दिलं. तिथून पुढं पाट्या सीटखालीच राहिल्या आणि गाडीत भांडण उरलं नाही.

भिजले मात्र. पावसाळ्यात लाटा बंधाऱ्यावरून रस्त्यावर यायच्या, दगडासकट. एकदा पुढची काच फुटून ड्रायव्हरच्या कपाळात घुसली. हा ड्रायव्हर उतारवयाचा, कमी बोलणारा. त्यानं एका हातानं रक्त पुसत दुसऱ्या हातानं गाडी वळणाबाहेर काढली आणि मग मला म्हणाला, "बाय, फडको दी." शेअर जीपवाल्यांनी तर सुरुवातीची दोन वर्षं आमच्यावर दगडच मारले. त्यांचं गिऱ्हाईक आम्ही ओढलं होतं ना. मला समुद्राचं भेव वाटायचं, जीपवाल्यांचं वाटायचं, पण रात्री दाराला कडी लावून झोपले की सकाळी अंग दुखत नसायचं. एवढ्यासाठी मी त्या गाडीचे उपकार मानते. आजही मानते. चढताना पायरीला हात लावते, लोकांना वाटतं तोल सांभाळते.

हळूहळू गाड्या वाढल्या. आधी अलीकडं-पलीकडं एकेक, मग दोन-दोन, मग दीपगृहाच्या टोकापर्यंत एक फाटा. मग शहरातले लोक यायला लागले. गाडीतून समुद्र दिसतो म्हणून. सोसायटीनं मोठ्या काचांची गाडी घेतली, समुद्राच्या बाजूच्या सीटा आधी भरायच्या. म्हातारी म्हणायची, "हेंका दर्यात काय सोन्याचा दिसता कोण जाणे." लोक मोबाईल खिडकीबाहेर धरून शूटिंग करायचे. आम्हाला बरं वाटायचं. गाडी चालली पाहिजे, तर ह्या लोकांनी यायला पाहिजे.

अशाच कुणाच्या तरी व्हिडिओत मी सापडले. समुद्र, नारळी, आणि मधेच तिकीट फाडणारी मी. आईचा फोन आला, ती कुजबुजत होती.

"पोरी, तुया विडिओ पाह्यला त्यानं. दुकानातल्या पोरानं दाखवला. तो निंगाला काल रातीच."

"कुठी निंगाला?"

"कुठी म्हंजे काय वं! तुयाकडंच. जाय कुठी तरी. आत्ताच्या आत्ता जाय."

मी कुठं जाणार होते? सकाळची फेरी होती. मी साडीवर खाकी शर्ट चढवला, पिशवी घेतली आणि गाडीवर गेले. ड्रायव्हरला सांगितलं. त्याला माझं सगळं ठाऊक होतं. त्यानं मान हलवली आणि सीटमागून टॉमी काढून पायाशी ठेवली. चाकं खोलायला लागते ती लोखंडी दांडी. मी म्हटलं, काका, हे कशाला? तो म्हणाला, "चाकांक."

धक्क्यावर गाडी लावली. पलीकडून हॉर्न आला. होडी निघाली. सकाळच्या होडीत कोळणी असायच्या, पलीकडच्या बंदरावरून ताजी मासळी घेऊन आमच्या गाडीनं बाजाराला जायच्या. वारा होता. होडी खाली जाऊन वर येत होती. मधल्या फळीवर दोन्ही हातांनी काठ धरून एक माणूस बसला होता. पांढरा शर्ट, कॉलरला बटण लावलेलं. दुकानात असंच लावायचा.

मी तिकिटांची पिशवी छातीशी धरली.

ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. "तुझो घोव काय तो?"

मी मान हलवली.

त्यानं इंजिन चालू केलं. "बेल मार. जाऊया. आजच्या दिवस नियम ऱ्हवांदे."

आमच्यात एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. दोरी माझ्या डोक्यावरच होती. गाडी गेली असती, तर होडीतल्या पाट्या उन्हात राहिल्या असत्या, पुढची फेरी दुपारची. पण मी त्यांच्यासाठी थांबले असं म्हणता येणार नाही. माझा हातच वर गेला नाही. पट्टीचा आवाज आला की हात असेच व्हायचे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. होडी येत गेली, मोठी होत गेली, आणि मी नुसती पाहत राहिले.

होडी लागली. त्याला चक्कर आली होती, उतरता येईना. म्हातारीनंच त्याला हात धरून उतरवलं, वर कमरेच्या पिशवीतलं लिंबू हुंगायला दिलं. "पाव्हण्या, दर्याची सवय नाय वाटता," म्हणत त्याला गाडीपर्यंत आणलं. तो पुढच्या सीटवर, माझ्यासमोर बसला. माझी बेल गेलीच नाही, ड्रायव्हरनं तिची वाट न पाहता गाडी काढली. नवऱ्याचं तोंड पिवळं पडलेलं, पण तो हसला.

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "कुठं?"

"अकोला. दोन दे."

"ही गाडी तिकडं जात नाही."

"मंग मी नेतो. काहून वं, लय हवा लागली काय तुले? सारं अकोला पाह्यते तुले मोबाईलवर. पोट्टे हासून राहिले मले."

मी मागं सरकले. त्यानं वेणी धरली. पहिला दणका दारापाशीच्या खांबावर बसला, दुसऱ्याला दातातून रक्त आलं. तिकिटं उडाली. शहरातलं एक जोडपं होतं, त्यातली बाई किंचाळली आणि तिचा नवरा मोबाईल धरून उभा राहिला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, तर ह्यानं त्याचा गळा मागून धरला. गाडी बंधाऱ्याकडं गेली, दगडाला घासली, पत्र्याचा कर्कश आवाज झाला आणि एक चाक काठाबाहेर लोंबत असताना थांबली. खाली पाणी आपटत होतं.

मग मागून पाटी आली. भरलेली. बर्फ, बांगडे, सगळं त्याच्या तोंडावर. तो खाली पडला आणि त्या बाया त्याच्यावर पडल्या.

"मेल्या, लिंबू दिलंय तुका!" म्हातारी ओरडत होती आणि मारत होती. "माज्या हातचा लिंबू हुंगलंस!" जणू तिचा सगळा राग त्या लिंबाचाच. कुणी पाटीच्या काठानं मारत होतं, कुणी चपलेनं, एकीनं त्याचं डोकं सीटच्या लोखंडावर धरून आपटलं. त्याचा पांढरा शर्ट लाल झाला. त्यानं "माय वं" केलं. मला ते ओळखीचं वाटलं, मी करायचे तसंच.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दात हलत होते आणि बरं वाटत होतं.

मग ड्रायव्हर गळा चोळत उठला. त्यानं टॉमी उचलली, बाया बाजूला झाल्या, आणि ती दांडी हवेत फिरून खाली आली. नवऱ्याच्या गुडघ्यावर. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. पण त्याच्या आधी मी दुसरा आवाज ऐकला होता. शिट्टीसारखा, बारीक. दांडी परत वर गेली, ह्या वेळी डोक्याकडं.

माझा हात वर गेला. मी दोरी ओढली. एकदा.

टण्ण.

सगळे थांबले. ड्रायव्हरचा हात वरच राहिला. इतकी वर्षं एक बेल झाली की त्याचा पाय ब्रेकवर जायचा, कोळणी पाट्या सावरायच्या. डोकं काही ठरवायच्या आत अंग थांबत असे. त्या दिवशीही थांबलं. गाडीत फक्त लाटांचा आवाज.

"उतरवा त्याले," मी म्हणाले. वऱ्हाडीच आली तोंडातून. "माणूस उतरायचा हाय."

दोघींनी त्याला खाली ओढलं आणि रस्त्याच्या कडेला, समुद्राच्या विरुद्ध बाजूला, टेकवून बसवलं. तो कण्हत होता. मला म्हणाला, "पाहून घेईन तुले." म्हातारी त्याच्यावर थुंकली. मग उतारूंनी ढकलून गाडी काठावरून मागं घेतली. सोसायटीला फोन केला, पोलिसांना पाठवा आणि दवाखान्याची गाडीही पाठवा म्हणून. मी आत आले. तोंडात रक्ताची आणि मासळीची चव होती. दोरी धरली आणि दोन बेल दिल्या. धक्क्यावर ज्या दिल्या नव्हत्या त्या. गाडी निघाली. मी मागच्या काचेतून त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहावंसं खूप वाटलं, पण नाही.

बाजार येईपर्यंत म्हातारी सीटखालून बांगडे वेचत होती. "आता ह्ये चिरडलेले कोण घेतलो? घोव तुझो?" ती म्हणाली, आणि गाडीत सगळे हसले. मीही, ओठ फाटलेला होता तरी.

पोलिसांत तक्रार झाली. बाया ओळीनं साक्षीला आल्या, ड्रायव्हरनं टॉमी मारल्याचं स्वतःच सांगितलं. तो माणूस अकोल्याला परत गेला. लंगडतो, असं आई सांगते. कोर्टाच्या तारखेला जाते तेव्हा मी गाडी बदलत बदलत, दोन बाया बरोबर घेऊन जाते.

आता खाडीवर पूल झाला. गाडी थेट जाते, दोन्हीकडच्या फेऱ्या एक झाल्या, शहरातले लोक पुलावर फोटो काढतात. होडी काठावर उलटी पडली आहे. सगळ्यांची सोय झाली आणि मला झोप कमी लागते. होडीत माणूस लांबून दिसायचा. पुलावरून तो कधी चढेल कळणार नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर मी दारात उभी राहते आणि चढणाऱ्याचं तोंड आधी पाहते, हात नंतर. सगळे चढले की मागं वळून पाहते. मागच्या सीटवर म्हातारी असते. ती हनुवटी वर करते.

मग मी दोरी ओढते. दोनदा.