टोपीला हात, कोपराला हात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या संघाच्या खुणा फोडल्या त्या मी, आणि त्यापायी संघाबाहेर गेला तो दुसराच.

दोन हजारच्या दशकाचा मध्य असेल. पुण्याहून एमएस्सीला इंग्लंडमधल्या रीडिंगला आलो होतो. अमेरिकन फुटबॉल कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, केवळ ओळखी होतील म्हणून युनिव्हर्सिटीच्या संघात शिरलो. खेळायला फारसं मिळायचं नाही. माझं काम म्हणजे रेषेबाहेर उभं राहून कोचने ठरवलेली चाल हातवाऱ्यांनी आतल्या मुलांना कळवायची. टोपीला हात म्हणजे उजवीकडून धाव, कोपराला हात म्हणजे लांब पास. खुणा बाहेर सांगायच्या नाहीत, एवढी एकच ताकीद होती.

संघात आणखी एक मराठी मुलगा होता. जवळच्या ब्रॅकनेलमध्ये जन्मलेला, शेवटच्या वर्षाचा, माझ्याशी हौसेने मोडकंतोडकं मराठी बोलणारा. रविवारी सामन्याला त्याचे बाबा थर्मास घेऊन यायचे. मलाही चहा मिळायचा.

पहिले दोन सामने जिंकलो. तिसऱ्यात मात्र मी टोपीला हात लावला की समोरची पोरं आधीच उजवीकडे सरकलेली. दणकून हरलो. शेवटी त्यांच्यातल्या एकाने हेल्मेट काढून मला ओळखीचा हात केला. आदल्याच आठवड्यात मिल्टन कीन्सच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, चार जणांवर छाप पाडायला मी सगळ्या खुणा करून दाखवल्या होत्या. त्या चौघांत हा होता.

त्यानंतर चेंजिंग रूममध्ये कुणाचा फोन वाजला की बाकीचे गप्प व्हायचे. कोण कुणाबरोबर घरी जातो यावरही नजर. मीही सगळ्यांकडे बघायचो, खरं तर माझ्याकडे कोण बघतंय ते बघायचो.

मंगळवारी सरावानंतर कॅप्टनने विचारलं, त्या संघातल्या कुणाशी कोण बोललं होतं? मग मीच म्हणालो, ब्रॅकनेलवाल्याला त्यांच्या बसपाशी बोलताना पाहिलं. खोटं नव्हतं ते. त्याचा शाळेतला मित्र त्या संघात होता आणि त्याने ते कधी लपवलंही नव्हतं. तुझ्याच गाववाल्याने पकडलं की तुला, असं कुणीतरी त्याला टोमणा मारला.

तो माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "तू सांग ना यांना. मी असा नाही आहे, तुला माहितीये."

तिथे ते एकट्या मलाच कळलं. मी मुद्दाम इंग्रजीत उत्तर दिलं: पाहिलं तेवढंच सांगितलं.

त्याने हेल्मेट आणि पॅड्स बाकावर ठेवली आणि गेला. खुणा बदलल्या. पुढचा सामना आम्ही जिंकलो, त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली.

त्याच सामन्याला त्याचे बाबा आले होते. पोराने घरी काही सांगितलं नव्हतं. "अरे, आज हा दिसत नाही कुठे?" त्यांनी मला विचारलं. बरं नसेल काका, मी म्हणालो. त्यांनी नेहमीसारखा चहा ओतून दिला. मी तो प्यायलो.

आज त्याला शोधायला दोन मिनिटं लागतील, हे मला कळतं. खुणा मी फोडल्या, हे त्याला आणि काकांना सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.