पोट दाबणारी गिरजाबाई

अहेरीकडच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली, त्याच आठवड्यात गिरजाबाईनं माझ्या कानाखाली जाळ काढला. मी स्टाफ नर्स आणि ती आया, म्हणजे लेबर रूमची फरशी पुसणारी. टेबलावर एक पहिलटकरीण कळा देऊन देऊन थकली होती. मी शिकून आले होते त्याप्रमाणे तिच्या मांडीवर फाडकन एक ठेवून दिली आणि वर म्हणाले, "नवऱ्याजवळ जाताना नाही रडलीस, आता कशाला गळा काढतेस?" हे वाक्य मी माझ्या सीनियर सिस्टरांकडून जसंच्या तसं उचललं होतं. ते पुरतं बोलून व्हायच्या आत माझा कान बधिर झाला. मागं गिरजाबाई उभी होती.

"आता तू लाव जोर," ती म्हणाली. "आला का? नाई आला न? मारल्यानं कोणाले जोर येते वो?"

मी मुळातली भडकू. दोन पानी तक्रार लिहून साहेबांच्या टेबलावर आदळली. साहेबांनी ती वाचली, घडी करून परत दिली आणि विचारलं, "हिला काढलं तर इथली बाळंतपणं कोण निभावणार, सिस्टर? तुम्ही?" मी ती तिथंच टराटरा फाडली. महिनाभर गिरजाबाईशी बोलले नाही, पण पोरीबाळींवर हात उचलायचीही हिंमत झाली नाही.

गिरजाबाई मूल नावाच्या तालुक्यातल्या धीवराची लेक. बापाबरोबर तलावात जाळं ओढून ओढून दंड असे कमावलेले, की भरलेला ऑक्सिजनचा सिलेंडर एकटी हलवायची. तोंड तर दंडापेक्षा वरचढ. तिचा कायदा एकच होता: बाळंतिणीला बोट लावायचं नाही, बाकी जगाला खुशाल बदडायचं. "पुन्हा पोरगी झाली तर इथंच ठेवून जाईन," असं सुनेच्या तोंडावर सांगणाऱ्या एका सासूला तिनं ओल्या पोछ्यानं फाटकापर्यंत झोडपत नेलं होतं. सासू दोन तासांनी नातीसाठी टोपी घेऊन गुपचूप परत आली, तेव्हा हिनंच तिला चहा पाजला.

टेबलाला टांगलेले पाय दिसले की तिचं डोकं फिरायचं. "बाळंतीण म्हंजे गाय नाई, खुट्याले बांधाले." ती बाईला उठवायची, व्हरांड्यात फिरवायची, पाणी पाजायची, पाठीमागून धरून उकिडवी बसवायची. "खाली येणारं लेकरू, आन् मायले आडवी पाडता. अक्कल कुठी गहाण ठेवली?" वाट मोठी करायला माझ्या हातात कात्री दिसली की म्हणायची, "शिंप्यावानी काऊन धावतेस? थांब जरा, ते आपली वाट आपणच करते." नाळ कापायची घाई केली की मनगट धरायची. "अजून ठोके देऊन राह्यली न ते. त्याचं रगत त्याले घेऊ दे." मात्र बाईला रक्त जास्त जाऊ लागलं, की आधी ओरडायची तीच: "सिस्टर, सुई! आन् गाडी सांग, पहिले गाडी!"

आणि पोट. कळा देणाऱ्या बाईच्या पोटाकडे कोणाचा हात गेला की ती माणसात राहायची नाही. एकदा एका तरुण डॉक्टरांनी, "वरून दाबा रे कोणीतरी, पटकन मोकळी होईल," असं म्हणायचा अवकाश, हिनं त्यांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर रेटलं. इंजेक्शनांचा ट्रे खाली, काचांचा खच. "पोटाले हात लावला त हात उपटून हाती देईन!" मला तेव्हा वाटलं, बाई तापट आहे, दुसरं काय.

मग माझं बाळंतपणाचं नवं प्रशिक्षण झालं. परत आले ती हसतच आले. "गिरजाबाई, तुम्ही काय चीज आहात हो! तुमचं सगळं पुस्तकात आहे. पोट दाबू नये, उगाच कापू नये, बाईला हवं तसं बसू द्यावं, तिचं माणूस जवळ असू द्यावं. सगळं!"

तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती पोछा पिळता पिळता थांबली.

"पोट दाबू नये, हे कधीपासून लिहून आहे?"

"लय वर्षं झाली असतील. मी शाळेत असेन तेव्हापासून."

तिनं समोरची बादली उचलून भिंतीवर फेकली. मग सिंकच्या काठावर आपलेच दोन्ही हात दणादण आपटू लागली. कातडी फुटली तरी थांबेना. मी कमरेला मिठी मारून तिला मागं ओढलं. "मंग मले काऊन नाई सांगतलं कोणी!" ती किंचाळत होती. "मले काऊन नाई सांगतलं!"

तिथंच ओल्या फरशीवर बसून तिनं सांगितलं. मी इथं येण्याच्या दोनेक वर्षं आधीपर्यंत या दवाखान्यात पोट दाबायला तिलाच बोलवायचे. गिरजाले बोलवा, तिच्या हातात जोर आहे. तिला त्याचा केवढा तोरा होता! भामरागडकडची एक माडिया आदिवासी पोरगी आली होती, सोमारी. पहिलंच बाळंतपण. माय तिला खाटेवरून, नावेतून, मिळेल त्या गाडीतून घेऊन आलेली. डॉक्टर म्हणाले, दाब. गिरजाबाई स्टुलावर चढली.

"माय माय करून राह्यली होती. मी म्हटलं, चूप. तिसऱ्या खेपेले कोपर घातलं, आन् आतमधी फाटलं. मले हाताले समजलं, सिस्टर. ओलं लुगडं फाटते तसं. मंग ते ओरडलीच नाई."

आई गेली, बाळही गेलं. कागदावर लिहिलं: उशिरा आणली. दाराबाहेर बसलेल्या मायला हे सांगायचं होतं, आणि डॉक्टरांना गोंडी येत नव्हती; गिरजाबाईला बायकांकडून ऐकून ऐकून मोडकीतोडकी यायची.

"मीच सांगतलं," गिरजाबाई म्हणाली. "तू उशीर केला बाई, म्हून पोरगी मेली. असं मी सांगतलं, माह्या तोंडानं."

त्या दिवसानंतर तिनं कोणत्याच बाईच्या पोटाला हात लावला नव्हता, पण मनाला एक आडोसा होता: आपल्याला काय माहीत, तेव्हा सगळेच दाबत होते. तो आडोसा मी हसत हसत उडवून लावला होता.

"मी जाऊन सांगतो त्या मायले," ती म्हणाली. मी पाया पडले. नोकरी जाईल, तुरुंगात जाल, त्या अंगणातून जिवंत बाहेर याल का, प्रकरण मेलं ते कशाला उकरता? ती माझ्यावर धावून आली. "प्रकरण नाई मेलं, पोरगी मेली! आन् तिचं मढं मी मायच्या डोक्शावर ठेवलं. आजपावेतो वाहून राह्यली ते."

गिरजाबाई आता नाही. सोमारीच्या गावाहून परतल्यावर तिनं साहेबांना सगळं लिहून दिलं आणि निलंबित झाली. चौकशी पुरी व्हायच्या आत मूल गावी भावाच्या घरी झटका येऊन गेली. ते डॉक्टर केव्हाच बदलून गेले होते, त्यांना कोणी काही विचारल्याचं ऐकलं नाही. मला राग येतो, अजून येतो. पण तिची आठवण आली की आधी आठवतं ते सोमारीच्या मायचं अंगण.

मी सोबत गेले होते. एकटीला कशी सोडणार? नदी उतरली होती. अंगणात म्हातारी मोहफुलं वाळत घालत होती. गिरजाबाईनं वाटभर घोकलेली गोंडी वाक्यं तिच्यासमोर उभी राहून म्हटली. मला एक शब्द कळला नाही, पण म्हातारीचे हात फुलांवर थांबले ते कळलं. तिनं चुलीजवळचं लाकूड उचललं. पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसऱ्यानं भुवई फुटली. ज्या बाईनं डॉक्टरला भिंतीवर रेटलं होतं, तिनं तोंडापुढं हातसुद्धा धरला नाही. मी धावले तशी ती ओरडली, "सिस्टर, हात नको लावू तिले! मारू दे!" रक्त लुगड्यावर ठिबकत होतं. म्हातारी मारत राहिली, शेवटी लाकूड तिच्याच हातून गळून पडलं.

मग ती धापा टाकत काहीतरी बोलली, दोन-तीनच शब्द. गिरजाबाईनं नाही म्हणून मान हलवली. म्हातारीनं तिचे दोन्ही दंड गच्च धरून पुन्हा तेच विचारलं. पुन्हा. गिरजाबाई रडत रडत दर वेळी मान हलवत होती.

"काय विचारतेय?" मी म्हटलं.

"म्हणते, मंग मी उशीर नव्हता केला?" गिरजाबाई म्हणाली.

म्हातारीनं तिला सोडलं. मोहफुलं तुडवत ती अंगणाबाहेर पडली आणि शेजारच्या दारात उभी राहून तेच शब्द मोठ्यानं म्हणाली. मग पुढच्या दारात. मग त्याच्या पुढच्या. आता ती कोणाला विचारत नव्हती, सांगत होती. गाव संपेपर्यंत तिचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.