बिनआवाजाचं झाकण

चिंचवड स्टेशनच्या बाकावर, संध्याकाळच्या गाडीची वाट बघत, दिवाळीआधीचे आठ दिवस एक कामगार माझ्या शेजारी बसायचा. मांडीवर कंपनीत टाकून दिलेला पुठ्ठा, बाजूला पानाच्या द्रोणात खळ. पुठ्ठ्याची पेटी करून तो तिच्यावर गुलाबी पतंगी कागद चढवत होता. बोटं मशीनच्या तेलानं काळी, म्हणून तो प्रत्येक तुकडा कोपरानं दाबायचा. कागदावर एक डाग पडू दिला नाही पठ्ठ्यानं.

शेवटच्या दिवशी बेगडाची फुलं लागली. मग पेटी कानाशी धरून त्यानं झाकण दहादा उघडलं, मिटलं.

"पाडव्याला बायकोला द्यायचीय," तो म्हणाला. "आवाज यायला न्हाई पायजे."

"आत काय घालणार?"

"काय बी न्हाई. घरात चौदा मान्सं हायत. ट्रंक आईची, फडताळ वयनीचं. हिला आपलं म्हनून काय ठेवायला जागाच न्हाई. काय ठेवायचं ते तिचं ती बघंल. मी बी इचारनार न्हाई."

गाडी आली. पेटी डोक्यावर धरून तो चढला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझ्याजवळही बायकोसाठी घेतलेलं पातळ होतं, दुकानाच्या खोक्यात. पाडव्याला ओवाळून झाल्यावर ते तिला दिलं आणि त्या माणसाची गोष्टही सांगितली. तिनं पातळ पाहिलं, हसली, नीट घडी करून माझ्याच हातात ठेवलं.

"हे सासूबाईंच्या कपाटात ठेवा," ती म्हणाली. "खोका माझा."